उभा राहिलेला नमुना

भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात माठ घ्यायला गेलो, की माझी बायको सुमन आधी दुकानदाराशी नाही, माठाशी बोलते. बोट वाकवून माठावर टक् करायचं, कान जवळ न्यायचा आणि तोंड वाकडं करून पुढच्या माठाकडे वळायचं. दहा वाजवल्याशिवाय ती एक घेत नाही. मी पिशवी धरून उभा असतो. एकदा कंटाळून मी म्हणालो, "किती वाजवून राहिली? सगळे सारखेच तर दिसते." तर ही भर बाजारात म्हणाली, "तुमी जल्मभर दुसरं काय केलं जी? दगडंच वाजवले नं? मंग मले कावून टोकून राहिले?"

ती म्हणाली ते खरंच होतं. भिलाईतल्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बावीस एकाच यंत्राबरोबर गेली. काम एका वाक्यात सांगायचं तर, दगडगोट्यांच्या ढिगाला एका टोकाला टोला द्यायचा आणि तो दुसऱ्या टोकाला किती वेळात पोचतो ते मोजायचं. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावावर सोपवून इथे पोलाद कारखान्यात लागले, आम्ही भावंडं इथल्याच मरोदा वस्तीत वाढलो. मी नेमकं काय करतो हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. "पोलादाची परीक्षा समजते मले," ते म्हणायचे, "पन गोट्याची काय परीक्षा घेतेस तू?"

ती परीक्षा अशी. जमिनीतून दोन तऱ्हेच्या लाटा जातात. एक मालगाडीच्या डब्यांना मागून धक्का बसावा तशी, पुढे-मागे ढकलत जाणारी. दुसरी आडवी, ताणलेल्या दोरीला बाजूने झटका दिला की वळसा सरकत पुढे जातो ना, तशी. पुस्तकात तिला शिअर वेव्ह म्हणतात, आम्ही आपलं 'आडवी लाट' म्हणायचो. पाण्यातून ही लाट जातच नाही. ती जाते फक्त एकमेकांना धरून असलेल्या गोष्टींतून. दाणे एकमेकांना जितके घट्ट धरतील तितकी ती वेगाने पळते. त्या वेगावरून जमीन किती पक्की आहे आणि भूकंपात किती हलेल, याचा अंदाज बांधता येतो.

वाळूची परीक्षा सोपी. नखाएवढी एक पट्टी वाळूत रुतवायची, ती विजेने थरथरते, समोरची दुसरी पट्टी ती थरथर ऐकते. पण नदीतल्या गोट्यांमध्ये ही पट्टी रुतवायला गेलात तर ती मोडते. मी पहिल्याच वर्षी परदेशातून आलेल्या तीन मोडल्या, आणि तिसऱ्या वेळी त्या वेळचे विभागप्रमुख महिनाभर माझ्याशी फक्त चिठ्ठीने बोलले. म्हणून गोट्यांसाठी सगळंच मोठं लागतं. आमचा नमुना दोन फूट उंच आणि फूटभर जाड. लोखंडी साच्यात रबराची पिशवी ताणून बसवायची, तिच्यात गोटे आणि रेव थराथराने भरून ठोकायची, वर झाकण. मग पंपाने पिशवीतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की बाहेरची हवा सगळ्या बाजूंनी दाबते आणि साचा काढला तरी गोट्यांचा तो खांब उभा राहतो. त्याच्याभोवती पोलादी टाकी बसवून पाणी भरायचं आणि पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, म्हणजे गोट्यांना आपण जमिनीत खोल पुरलो आहोत असं वाटतं. झाकणात एक चकती असते. तिला वीज दिली की ती आडवा झटका देते. वर एक आणि खाली एक असे तो झटका टिपणारे दोन 'कान' चिकटवलेले असतात.

ती दोन फुटांची वाट लाट सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या दुप्पट-तिप्पट वेळात कापते. मी ते पडद्यावर हजारदा पाहिलं असेल. तरी दर वेळी माझे हात काही क्षण थांबायचे. आत ना सिमेंट, ना डिंक, ना दोरा. सुटे दगड. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या पाठीला कुठेतरी मोहरीएवढ्या जागी टेकलेला. तेवढ्या टेकण्यावरून ती लाट एका दगडातून दुसऱ्यात उडी घेत खाली पोचते. वायर उलट्या जोडल्या की झटका उलट्या बाजूला बसतो आणि पडद्यावरची रेघही उलटते. दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या की आधी एकत्र चालतात आणि जिथे लाट पोचली तिथे फाटतात, एक वर, एक खाली. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवणाचा डबा तसाच परत नेला होता. सुमनला वाटलं भाजी बिघडली.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. एक कंत्राटदार पुलाच्या पायाची रेव घेऊन आला. पोती उघडली तर आत सगळे गोटे धुतलेले, गुळगुळीत, जवळजवळ एकाच मापाचे. मी विचारलं, ही नदीतली अशीच आहे का? तर छाती पुढे काढून म्हणाला, "नाही हो, आमची चार माणसं दोन दिवस बसवली. तुमच्याकडे आणायचं म्हणजे चांगले चांगले निवडूनच आणले." वधूपरीक्षेला मुलगी सजवून आणावी तसे त्याने दगड आणले होते. मी हसून ते परत पाठवले. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की गोट्यांना सजवण्याचा गुन्हा पुढे माझ्याच हातून व्हायचा आहे.

त्याचं मूळ माझ्या नावलौकिकात होतं. या कामात सगळ्यांची झोप उडवते ती रबराची पिशवी. दाब वाढला की दगडाचं एखादं टोक तिच्यात घुसतं, पाणी आत शिरतं आणि केलेली सगळी मेहनत जाते. सगळ्यांच्याच पिशव्या फाटायच्या. माझी फाटत नसे. मी कडेला बारीक रेव नीट लावायचो, अणकुचीदार दगड आत वळवायचो, क्वचित एखाद्या टोकावर मातीचं बोट फिरवायचो. बाहेरून आलेल्या प्राध्यापकांना विभागातले लोक मला दाखवायचे, "हे कापगतेजी. यांची पिशवी फाटत नाही." मी मान खाली घालून ऐकायचो आणि मनात फुगायचो.

मग दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका लहान धरणाचं काम आलं. नाल्याच्या तळाशी गोट्यांचा जाड थर होता. प्रश्न एवढाच होता की त्या थरावर सरळ मातीचा भराव टाकायचा, की थर आधी खणून काढायचा. खणला तर काम एक पूर्ण हंगाम लांबणार. नाही खणला आणि थर मुळात सैल असला, तर एखाद्या हादऱ्यात वरचं धरण बसू शकतं. आणि धरणाच्या खाली, हाकेच्या अंतरावर, एक गाव होतं. मी नमुन्यासाठी गोटे आणायला गेलो तेव्हा त्या गावातल्या एका बाईने आम्हाला पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं, हे गोटे घेऊन जाता तर परत आणून देणार का?

ते गोटे फार धारदार होते. पहिल्याच नमुन्याला माझी पिशवी धोक्यात आली. दोन दगडांनी रबर इतकं ताणलं की पलीकडचा रंग दिसायला लागला. म्हणून मी एक युक्ती केली. कडेच्या फटींत मातीऐवजी पीओपी, म्हणजे छताच्या नक्षीला वापरतात ते प्लास्टर, अंगठ्याने भरत गेलो. खालून वरपर्यंत, सगळीकडून. पिशवीला सगळीकडे गुळगुळीत गाल लागला. चार नमुने केले. एकही पिशवी फाटली नाही. वेग छान आला, दोन रेघा सुरेख फाटल्या.

आमच्या विभागप्रमुख तेव्हा गोरे मॅडम होत्या. दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, मोजून बोलणाऱ्या. आकडे पाहून त्या थांबल्या. "कापगतेजी, दाब दुप्पट केला तरी वेग फारसा वाढत का नाही?"

गोट्यांवरचा दाब वाढला की ते एकमेकांना जास्त घट्ट धरतात आणि वेग वाढतो. हे मला झोपेतही ठाऊक होतं. पण मी म्हणालो, "मॅडम, डोंगरातला दगड हाय. आधीच घट्ट बसला असन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं न फाटलेल्या पिशवीकडे पाहिलं असेल. आणि सही केली. भराव टाकायला हरकत नाही, असा अहवाल गेला.

विश्वकर्मा पूजेला भिलाईत कोणी यंत्राला हात लावत नाही. कारखान्यापासून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळीकडे यंत्रं धुऊन, हार घालून ठेवलेली असतात. आमच्याकडे रीत अशी, की आदल्या दिवशी टाकी रिकामी झाली पाहिजे, पोटात नमुना ठेवून यंत्राची पूजा करायची नाही. नमुना पाडायचं काम आमचे मदतनीस शेंडे करायचे. तेही आमच्याकडचेच, साकोलीजवळचे, माझ्याच वयाचे. नमुना संपला की मी चहाला जायचो आणि शेंडे आवरायचे. त्या दिवशी ते सुपेल्याला विश्वकर्म्याची मूर्ती आणायला गेले होते, म्हणून धरणाचा चौथा नमुना मी स्वतः काढायला घेतला.

पाणी सोडलं, टाकी उचलली. आता पिशवीत हवा सोडायची झडप उघडायची. हवा शिरली की गोट्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही आणि खांब धडधडत खाली येतो. म्हणून भोवती पत्र्याचं ताट ठेवून मी पायांवर बेतू नये एवढा मागे सरकलो आणि झडप उघडली.

काही झालं नाही.

मी झडप पुन्हा पाहिली. उघडीच होती. पिशवी कडेने कापून सोलून काढली. आत पांढऱ्या कवचात अडकलेले गोटे शांतपणे उभे होते. मी बोट वाकवून त्यावर टक् केलं. चांगला भाजलेला माठ वाजावा तसा खणखणीत आवाज आला. मी तिथेच स्टुलावर बसलो. मी गोट्यांभोवती माठ बांधला होता आणि चारही वेळा त्या माठाचा वेग मोजला होता. लाट माझ्या प्लास्टरमधून गेली होती. म्हणून दाब वाढला तरी वेग वाढत नव्हता. माठाला दाबाची काय पडली होती!

तेवढ्यात शेंडे मूर्ती घेऊन आले. मी विचारलं, "शेंडे, आधीचे तीन पन असेच उभे राहिले होते काय?"

"हो भाऊ. हातोडी मारू मारू पाडले मी."

"मंग मले सांगितलं कावून नाही?"

त्यांनी मूर्ती टेबलावर ठेवली आणि आश्चर्याने पाहिलं. "मले वाटलं, तुमचं काम पक्कं हाय म्हनून उभे राहून राहिले. दुसऱ्यायचे पडते, तुमचे पडत नाही. मी तं समद्यायले सांगत होतो जी."

मला त्यांच्यावर रागावताही येईना.

स्कूटर काढून मी सेक्टर १० मध्ये मॅडमच्या क्वार्टरवर गेलो. पोचेपर्यंत मनात दहा वाक्यं रचली आणि दारात सगळी विसरलो. एवढंच म्हणालो, "मॅडम, मी कडेले पीओपी भरलं होतं. चारही नमुने खोटे हायत." त्यांनी दार पूर्ण उघडून मला आत घेतलं. मग विचारलं, "याआधी कधी भरलं होतं?" मी म्हणालो, नाही, याच वेळी. "वही दाखवाल?" वही मी सोबतच आणली होती. त्यांनी पानन् पान पाहिलं. मला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

मग त्यांनी धरणावर फोन लावला. तिकडून कळलं की पूजेची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी भराव सुरू होणार, मशिनरी येऊन उभी आहे. नुसत्या 'आम्हाला शंका आहे' वर काम थांबणार नाही, नवा आकडा सहीनिशी उद्या संध्याकाळपर्यंत हवा. मॅडमनी फोन ठेवला. "माझ्या सहीने गेलंय ते," त्या म्हणाल्या. "मला शंका आली होती, तरी मी केली. पण कापगतेजी, उद्या पूजा आहे."

सकाळी आठला आम्ही तिघं प्रयोगशाळेत होतो. यंत्राला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. मला हात पुढे करवेना. वडिलांच्या घरात या दिवशी विळीसुद्धा चालत नसे. मी शेंड्यांकडे पाहिलं, कारण पूजा त्यांनीच मांडली होती. ते म्हणाले, "भाऊ, आजच्या दिवशी मशीनले आराम देते लोक. पन हे मशीन तं खोटं बोलून बसली हाय. तिले आराम कसा पडन?" आणि त्यांनी स्वतः हार काढून मूर्तीपुढे ठेवला.

गोटे भरले. प्लास्टर नाही, काही नाही. कडेला त्यांच्यातलीच बारीक रेव, आणि एकात एक दोन पिशव्या. दुपारी दाब चढवायला लागलो आणि फुस्स आवाज झाला. टाकीतलं पाणी पिशवीत शिरून पंपाच्या नळीतून बाहेर येऊ लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पिशवी फाटली होती, तीही दोन-दोन. शेंडे माझ्याकडे पाहायचं टाळत होते. मी म्हणालो, "चला, उतरवा. पुन्हा भरू." खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं होतं, पण छातीवरचं कसलं तरी ओझं उतरल्यासारखं झालं.

दुसऱ्या खेपेला धारदार दगड एकेक करून हातात फिरवत, त्यांचं टोक आतल्या बाजूला वळवत बसलो. तिघांनीही. मॅडमनी साडीचा पदर खोचला होता. दाब चढवला. पिशव्या टिकल्या. झटका दिला. रेघ उमटली. लाट आमच्या अहवालापेक्षा कितीतरी उशिरा पोचली होती. मग दाब वाढवला आणि पुन्हा झटका दिला. लाट थोडी आधी आली. पुन्हा वाढवला. आणखी आधी. दर खेपेला तो फाटा पडद्यावर जरासा डावीकडे सरकत होता.

मी ते कितीदा पाहिलं होतं, पण त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला. कोणीतरी जोर लावतंय आणि आतले हजारो सुटे दगड एकमेकांना आणखी घट्ट धरतायत, हे मला दिसत होतं. डोंगर जिथे उभा आहे तिथे तो असाच उभा आहे, हे तोवर मला फक्त ऐकून माहीत होतं. मॅडम हळूच म्हणाल्या, "किती खरं बोलतात हो हे." आणि आकडा लिहून घेतला.

थर सैल होता. पत्र संध्याकाळच्या आत गेलं, काम थांबलं, पुढे तो थर खणून काढला. मला लेखी समज मिळाली, ती मी अजून जपून ठेवली आहे. बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांना माझी ओळख करून देताना मॅडम पिशवीचं काही बोलायच्या बंद झाल्या. मला ते थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. त्या गावाला यातलं काहीच कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

पण निवृत्तीनंतर मला आठवते ती त्या पूजेच्या दिवसाची संध्याकाळ. पत्र गेल्यावर नमुना काढायचा होता. मॅडम आणि शेंडे दाराशी उभे होते. मी पाणी सोडलं, टाकी उचलली, ताट लावलं. झडपेवर हात ठेवला आणि क्षणभर भीती वाटली, हाही उभा राहिला तर?

झडप उघडली. आत हवा शिरली. आधी वरचा एक गोटा सरकला, मग दुसरा, आणि मग सगळा खांब धडधडत ताटात कोसळला. धूळ उडाली. ताटातले गोटे घरंगळत माझ्या पायांपर्यंत आले. मी मागे सरकलो नाही. तिथेच उभं राहून, मूर्तीकडे नाही, त्या गोट्यांकडे पाहून हात जोडले.